बिनशंखाच्या समुद्री गोगलगायीची ओळख आणि वर्णन

कोल्हापुरातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर जाताना अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमाराची ओहोटी निवडावी, कारण तेव्हा पाणी सर्वांत मागे हटते. अनेकदा काही मिलिमीटरच लांबीची ही बिनशंखाची गोगलगाय दगडाखाली, स्पंजावर किंवा हायड्रॉइडवर (झुडपासारख्या वसाहती करणाऱ्या बारीक समुद्री प्राण्यांवर) सापडते. उचललेला दगड पुन्हा जसाच्या तसा ठेवावा आणि ती ज्यावर होती तो जीवही नोंदवावा, कारण अनेक जाती ठरावीक भक्ष्यच खातात.

सर्वांत महत्त्वाचे काम ती जिवंत असतानाच उरकावे लागते. अल्कोहोलमध्ये रंग उडतो, म्हणून उथळ बशीतील समुद्राच्या पाण्यात ती सरपटत असतानाच लांबी मोजावी आणि पाठीची, कडेची व पायाच्या तळव्याची छायाचित्रे घ्यावीत. डोक्यावरील गंधशृंगे (वास ओळखणारी शिंगांसारखी जोडी) गुळगुळीत आहेत की त्यांवर आडव्या चकत्या आहेत, हे लिहून ठेवावे. पाठीवर गुदद्वाराभोवती कल्ल्यांचा झुबका असेल तर ती बहुधा डोरिड, आणि सेराटांच्या, म्हणजे बोटांसारख्या मऊ वाढींच्या, रांगा असतील तर बहुधा इओलिड गटातली असते.

नुसत्या रंगावरून जात ठरवणे मला मान्य नाही. मॅग्नेशियम क्लोराइडने बधिर करून एक नमुना डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. दुसऱ्या नमुन्याच्या रॅड्युलावरील (तोंडातील दातेरी पट्टीवरील) दातांच्या ओळी आणि जननसंस्था कोल्हापुरात परतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्यात व जवळच्या जातींच्या मूळ वर्णनांशी ताडून पाहाव्यात. जात खरोखरच नवी ठरली, तर होलोटाइप (नव्या जातीचे नाव ज्याच्यावर आधारलेले असते तो एक नमुना) भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या संस्थेच्या संग्रहात जमा करावा.