जुन्या गाडीतील विजेचे दोष शोधताना या चुका टाळा

तुळजापूरहून सोलापूरला परतताना एका संध्याकाळी माझ्या प्रीमियर पद्मिनीचे हेडलाइट इतके मंद झाले, की समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडावरच रस्ता ओळखत घरी यावे लागले. दुसऱ्या दिवशी सेल्फही (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरू लागला. त्यानंतरच्या महिनाभरात मी नवी बॅटरी घेतली, डायनॅमोची (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा तारांच्या गुंडाळीचा भाग, नव्याने भरून घेतली, कटआउट (डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) बदलला, आणि तरीही गाडी जिथे होती तिथेच राहिली. दोष शेवटी सापडला तो इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. काही महिन्यांपूर्वी गाडीचे डेंटिंग-पेंटिंग झाले होते, आणि त्या वेळी ही पट्टी रंग दिलेल्या पत्र्यावरच बोल्ट आवळून बसवली गेली होती. रंगाच्या त्या पातळ थराने माझे हजारो रुपये खाल्ले.

जुन्या गाडीच्या बाबतीत पहिली आणि सर्वांत महाग चूक हीच आहे: मोजमाप न घेता सुटे भाग बदलणे. पद्मिनी असो, अँबेसेडर असो किंवा त्याहून जुनी एखादी मॉरिस असो, या गाड्यांची विद्युत व्यवस्था अगदी साधी आहे. तिच्यात संगणक नाही, सेन्सर नाहीत. डायनॅमो, सेल्फ, कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारी) हे भाग दणकट बांधणीचे असतात आणि बिघडले तरी हळूहळू बिघडतात. त्या मानाने चाळीस-पन्नास वर्षांत गंजलेले, सैल झालेले, रंगाखाली गेलेले सांधे कितीतरी अधिक असतात. म्हणून शोध सांध्यांपासून सुरू करावा आणि भागांपर्यंत शेवटी पोहोचावे.

अर्थिंगकडे दुर्लक्ष

गाडीत बहुतेक ठिकाणी दिव्याकडे जाणारी वायर एकच असते. परतीचा प्रवाह बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे येतो. ही परतीची वाट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती तपासण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. त्यातही इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याचा बॉडीशी विद्युत संबंध केवळ त्या एका पट्टीमुळे असतो. पट्टी निकामी झाली, की सेल्फसाठी लागणारा मोठा प्रवाह मिळेल त्या मार्गाने परतू पाहतो, आणि तो मार्ग अनेकदा चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल असते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागत असेल, तर इतर कोणतीही तपासणी करण्यापूर्वी अर्थिंगची पट्टी पाहावी. माझ्या गाडीत ही खूण पहिल्या दिवसापासून होती. ती कशाची आहे, हे मला तेव्हा कळले नाही.

तपासणी दोन मिनिटांची आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर) आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवावे. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची डेल्कोकडे (प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर) जाणारी बारीक वायर काढून ठेवावी आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. सेल्फ फिरत असताना मीटरवर साधारण 0.2 व्होल्टपर्यंतचा आकडा चालतो. अर्धा व्होल्ट दिसला तर सांधा खोलून साफ करण्याची वेळ झाली आहे. माझ्या गाडीत तो 1.8 व्होल्ट होता. पट्टी काढून दोन्ही बाजूंचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, नवी दातेरी वॉशर घातली, बोल्ट आवळल्यावर वरून थोडी पेट्रोलियम जेली लावली, आणि सेल्फ पहिल्यासारखा फिरला. रंगकाम करून आलेल्या प्रत्येक गाडीत बॅटरीचे अर्थिंग, इंजिनची पट्टी आणि चारही बाजूंच्या दिव्यांच्या अर्थिंगचे स्क्रू याच पद्धतीने साफ करून घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

भार नसताना व्होल्टेज मोजणे

दुसरी चूक मल्टिमीटर हाती असलेल्यांकडूनच होते. हेडलाइटचा सॉकेट काढायचा, मीटर लावायचा, 12 व्होल्ट दिसले की ‘सप्लाय बरोबर आहे’ असे म्हणून बल्ब बदलायचा. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली किंवा सांध्यावर हिरवा थर चढलेला असला, तरी आकडा पूर्ण दिसतो. 55 वॅटचा बल्ब मात्र साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, आणि वाटेत अर्ध्या ओहमचा अडथळा असेल तर दोन व्होल्ट तिथेच संपतात. बल्बला 12 ऐवजी 10 व्होल्ट मिळाले तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण तो व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगाने घटतो. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, तो पेटलेला असतानाच मागून मोजावे. मीटर नसेल तर इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब, दोन वायरी आणि दोन क्लिपा यांचा टेस्ट लॅम्प करावा. तो स्वतः प्रवाह ओढत असल्यामुळे कमकुवत सांधा लपवत नाही.

बॅटरीचेही तसेच आहे. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते: त्या वेळी आकडा 9.6 च्या खाली जाऊ नये. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतो आणि बॉनेटखाली त्याहून अधिक. या दिवसांत दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी पाहावी. भर घालायची ती डिस्टिल्ड वॉटरचीच. बोअरच्या जड पाण्यातील क्षार प्लेटा खराब करतात, आणि ॲसिड ओतणे तर त्याहून चुकीचे, कारण बॅटरीतून उडून जाते ते पाणी, ॲसिड नव्हे. टर्मिनलवरचा पांढरट-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन निघतो.

इंजिन चालू असताना टर्मिनल काढणे

चार्जिंग होते आहे का, हे पाहण्यासाठी इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढण्याची पद्धत आजही अनेक गॅरेजमध्ये दिसते. ती डायनॅमोच्या काळातली आहे आणि तेव्हाही चांगली नव्हती. अनेक मालकांनी पुढे डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवून घेतला. त्याच्या बाबतीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळते आणि त्यातले डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात. तपासणीच्या नादात चांगला अल्टरनेटर मारला जातो. त्याऐवजी इंजिनचा वेग थोडा वाढवून बॅटरीवर मीटर लावावा; 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. डायनॅमोच्या गाडीत इंजिन मंद चालत असताना चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर घाबरू नये. मंद वेगात डायनॅमो पुरेसे व्होल्टेज देत नाही. वेग वाढल्यावरही दिवा विझला नाही, तरच दोष शोधावा.

फ्यूजच्या जागी तार

फ्यूज उडाला की तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे म्हणजे वायरिंगलाच फ्यूज करणे होय. उन्हाने कडक झालेले जुने आवरण पेटायला वेळ लागत नाही. अँबेसेडरसारख्या गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या ल्यूकस पद्धतीच्या काचेच्या फ्यूजबद्दल एक गैरसमज आहे: त्यावरचा 35 अँपिअर हा आकडा फ्यूज उडण्याचा आहे, सतत वाहण्यासाठी त्याची क्षमता 17 अँपिअर आहे. दुसऱ्या पद्धतीचा, 35 अँपिअर सतत वाहू देणारा फ्यूज तिथे बसवला तर संरक्षण निम्मे होते.

फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर फ्यूजच्या जागी तोच 21 वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेपर्यंत तो प्रखर पेटतो आणि त्याच्यामुळे प्रवाह मर्यादित राहतो. मग त्या फ्यूजवरच्या शाखा एकेक सुट्या करत जावे. ज्या शाखेपाशी बल्ब मंदावेल किंवा विझेल, तिथे शॉर्ट आहे. धान्याच्या गोदामाजवळ उभ्या असलेल्या गाडीत ती जागा उंदरांनी कुरतडलेली निघणे नवे नाही.

जास्त उजेडासाठी 100 वॅटचे बल्ब लावणेही याच जातीची चूक आहे. दोन बल्बांचे सोळा अँपिअरहून अधिक होतात, आणि ते स्टिअरिंगजवळच्या जुन्या स्विचमधून जातात. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवल्याशिवाय असे बल्ब लावू नयेत. मूळ बल्बांनाही रिले दिला तर उजेड वाढतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

उन्हात बंद पडणारी गाडी

मे महिन्यात भर दुपारी अक्कलकोट रस्त्यावर गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. सगळे कॉइलला दोष देतात. कॉइल किंवा कंडेन्सर (डेल्कोच्या पॉइंटला जोडलेला छोटा भाग) गरम होऊन निकामी होऊ शकतो हे खरे, पण इंजिनकडे पेट्रोल पोहोचवणाऱ्या गाडीतल्या पंपात वाफ धरल्यानेही नेमके हेच घडते. म्हणून गाडी बंद असतानाच पाहावे: कॉइलची मुख्य जाड वायर डेल्कोतून काढून, इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावी आणि सेल्फ मारावा, मात्र आसपास पेट्रोलची गळती नाही, याची आधी खात्री करावी. निळी, जोरदार ठिणगी पडली तर विजेचा दोष नाही. मग पंप थंड व्हावा म्हणून त्यावर ओले फडके ठेवावे. ठिणगी पिवळसर, अशक्त असेल तर आधी कंडेन्सर बदलावा, कारण तो स्वस्त आहे. कॉइल बदलताना तिचा रोध अवश्य मोजावा. बॅलास्ट रेझिस्टरसह (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा जोड-रोध) वापरायची दीड ओहमची कॉइल थेट 12 व्होल्टवर जोडली तर पॉइंटमधून (कॉइलचा प्रवाह उघड-बंद करणारे डेल्कोतले संपर्क) चारऐवजी आठ अँपिअर जातात आणि पॉइंट लवकर जळतात.

उभ्या गाडीची उतरणारी बॅटरी

काही दिवसांत बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह खांब आणि त्याची केबल यांच्यामध्ये अँपिअरवर ठेवलेला मीटर जोडावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळतो. सर्व काही बंद असताना जुन्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य असायला हवा. तसा नसेल तर एकेक फ्यूज काढत जावे. तरीही प्रवाह राहिला तर डायनॅमोच्या कटआउटचे संपर्क चिकटले आहेत का, ते पाहावे. वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडणाऱ्या गाडीला निगेटिव्ह बाजूला कट-ऑफ स्विच बसवून घ्यावा. मात्र काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असते, हे आधी तपासावे. अशा गाडीत स्विच पॉझिटिव्ह बाजूला येईल. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या (सोलापूरच्या यात्रेच्या) दिवसांत गाडी बाहेर काढायची असेल, तर दोन दिवस आधी बॅटरी चार्जरवर लावून रात्रभर विसावू द्यावी आणि सकाळी 12.6 दिसल्यावरच सेल्फ मारावा.