पीटर्सबर्गचे पुतळे पाहावेत चौथऱ्यापासून

ठाणे-नवी मुंबईहून निघणाऱ्या रशियाच्या सहलीत सेंट पीटर्सबर्गसाठी जे दोन-तीन दिवस राखलेले असतात, ते बहुतेक राजवाडे, हर्मिटाज संग्रहालय आणि पीटरहोफची कारंजी यांतच संपतात. पुतळे बसच्या खिडकीतून उरकले जातात आणि ते जितक्या वेगाने दिसतात तितक्याच वेगाने विसरलेही जातात. ज्यांना ते खरोखर पाहायचे असतील, त्यांनी बस सोडून दोन दिवस पायी फिरण्याची तयारी ठेवावी आणि एक साधी पद्धत पाळावी. प्रत्येक स्मारकापाशी आधी चौथरा पाहावा, वरचे वजन नेमके कशावर पेलले आहे याचा शोध घ्यावा आणि मगच वरच्या राजाकडे वळावे. हे शहर १७०३ मध्ये रशियाचा झार (सम्राट) पीटर पहिला, म्हणजेच पीटर द ग्रेट, याने नेव्हा नदीच्या मुखाशी, दलदलीच्या जमिनीवर वसवले. अशा जमिनीवर शेकडो टनांचा दगड उभा करणे हीच मोठी करामत होती आणि येथील जुन्या स्मारकांचे निम्मे कौतुक त्या करामतीतच आहे.

या पद्धतीचा सराव घरच्या घरी करता येतो. आपल्याकडे चौकाचौकांत शिवरायांचे अश्वारूढ पुतळे आहेत. त्यांपैकी एखाद्यापाशी पाच मिनिटे थांबून घोड्याचे किती पाय टेकलेले आहेत, शेपूट कुठे लागली आहे आणि पुढे उचललेल्या पायांचा भार मागे कसा तोलला आहे, हे पाहावे. नजर एकदा तयार झाली की पीटर्सबर्गमध्ये वाटाड्याची फारशी गरज उरत नाही.

बाकीची तयारी थोडक्यात अशी. भारतीय नागरिकांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो. त्याची मुदत आणि अटी अर्ज करतानाच नीट वाचाव्यात. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी २०२२ मध्ये रशियातील कामकाज थांबवले, त्यामुळे आपल्या बँकांची ती कार्डे तेथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या नोटा नेऊन तेथील बँकेत रुबल घ्यावेत. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा आणि ठिकाणांची नावे रशियन लिपीत लिहून घ्यावीत, म्हणजे रस्त्यावर कोणाला विचारताना फोन पुढे केला की काम होते. जून महिना उत्तम, कारण तेव्हा सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि जेवण झाल्यावरही पुतळे उजेडात पाहता येतात. मात्र पावसाळ्यातल्यासारखी छत्री रोज बरोबर असावी.

पहिल्या दिवसाची सुरुवात सिनेट चौकातील पीटरच्या अश्वारूढ पुतळ्यापासून करावी. कॅथरिन दुसरी हिने फ्रेंच शिल्पकार फाल्कोने याच्याकडून तो करवून घेतला आणि १७८२ मध्ये त्याचे अनावरण झाले. पुतळ्याखालची लाटेसारखी शिळा लाख्ता या गावाजवळ सापडली. सुमारे दीड हजार टनांचा हा दगड खोबणी असलेल्या मार्गांवर धातूचे गोळे ठेवून, कडाक्याच्या थंडीत जमीन गोठलेली असताना, शेकडो माणसांनी चरक फिरवत किनाऱ्यापर्यंत ओढत आणला आणि पुढे तराफ्यावरून शहरात पोहोचवला. शिळेची एक संपूर्ण फेरी मारावी. एका अंगाला रशियन आणि दुसऱ्या अंगाला लॅटिन लेख आहे. दोन्हींत मजकूर एवढाच, की पीटर पहिला याला कॅथरिन दुसरी हिच्याकडून. वारसाहक्काने नव्हे तर पतीला पदच्युत करून गादीवर आलेल्या राणीने 'पहिला' आणि 'दुसरी' असे शेजारी शेजारी कोरून घ्यावे, यातला राजकीय हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यानंतर मागे जाऊन घोड्याच्या टाचेखालचा साप पाहावा. तो शत्रूचे प्रतीक म्हणून दाखवला जातो, पण त्याचे खरे काम वेगळे आहे: घोड्याची शेपूट त्याला टेकलेली असून मागच्या दोन पायांबरोबर हा तिसरा आधार पुतळ्याला तोलून धरतो. पीटरचा चेहरा फाल्कोनेने घडवलेला नाही; तो त्याची शिष्या मारी-अॅन कोलो हिने घडवला. पुतळा नदीकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून असल्याने दुपारी चेहरा सावलीत राहतो. छायाचित्रासाठी जूनमधली संध्याकाळ राखून ठेवावी.

येथून सेंट आयझॅक कॅथीड्रलला वळसा घालून पलीकडच्या चौकात गेले की निकोलस पहिला याचा १८५९ मधला पुतळा लागतो. पीटरच्या पुतळ्यानंतर लगेच हाच पाहावा, कारण शिल्पकार क्लोट याने येथे साप, बुंधा किंवा शेपटीचा टेकू यांपैकी काहीही घेतलेले नाही आणि संपूर्ण घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. १९१७ च्या क्रांतीनंतर झारांचे कित्येक पुतळे काढले गेले, पण हा वाचला, तो या कसबामुळेच, असे सांगितले जाते. चौथऱ्यावरील श्रद्धा, प्रज्ञा, न्याय आणि शक्ती यांच्या स्त्रीमूर्तींना निकोलसची राणी आणि तीन मुली यांचे चेहरे दिले आहेत. दोन्ही घोडेस्वार एकाच दिशेने निघालेले आणि मध्ये कॅथीड्रल; त्यामुळे मूर्ख शहाण्याचा पाठलाग करतो आहे, पण आयझॅक आडवा येतो, असा टोमणा पीटर्सबर्गकर पिढ्यानपिढ्या मारत आले आहेत.

याच चौकातून निघणाऱ्या व्होझ्नेसेन्स्की मार्गाने पुढे चालत गेल्यास एका घराच्या भिंतीवर दगडी नाक दिसते. रशियन लेखक गोगोलच्या 'नाक' या कथेतील मेजर कोव्हाल्योव्हचे, चेहरा सोडून शहरभर हिंडणारे हे नाक १९९५ मध्ये येथे बसवले गेले. २००२ मध्ये ते चोरीला गेले आणि पुढच्या वर्षी सापडले, म्हणजे कथेशी इमान राखून ते खरोखरच काही काळ बेपत्ता होते. कथा वाचल्याशिवाय या नाकाला अर्थ नाही, म्हणून ती निघण्यापूर्वी वाचावी. ठाण्यात १८९३ पासूनचे मराठी ग्रंथ संग्रहालय असताना चौकशी करायला फार लांब जावे लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यासमोरच्या चौकातील अलेक्झांडर स्तंभापासून निघावे. नेपोलियनवरील विजयाचे हे स्मारक १८३४ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची ४७.५ मीटर असून मधला खांब म्हणजे फिनलंडच्या आखाताकाठच्या खाणीतून काढलेला, सुमारे ६०० टनांचा एकसंध लाल ग्रॅनाइट आहे. १८३२ मध्ये दोन हजारांहून अधिक सैनिक आणि कामगारांनी कप्प्या-दोरखंडांच्या साहाय्याने तो दोन तासांच्या आत उभा केला. खांब चौथऱ्याला कशानेही जखडलेला नाही, केवळ स्वतःच्या वजनावर उभा आहे. लोकांना तो कोसळण्याची धास्ती वाटे, म्हणून वास्तुरचनाकार मोंफेरां रोज आपल्या कुत्र्याला घेऊन त्याच्याखाली फिरत असे, अशी आख्यायिका आहे. वरच्या देवदूताकडे मान दुखेपर्यंत पाहत बसण्यापेक्षा खांब आणि चौथरा जेथे भेटतात तेथे नजर ठेवावी.

मग नेव्स्की मार्ग धरावा. डावीकडच्या मालाया सादोवाया या पादचारी रस्त्यावर, समोरासमोरच्या इमारतींच्या कंगोऱ्यांवर येलिसेय आणि वासिलिसा ही दोन लहान मांजरे बसवलेली आहेत; नजर वर ठेवली नाही तर ती हमखास चुकतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने घातलेल्या वेढ्यानंतर शहरात उंदरांचा सुळसुळाट झाला तेव्हा बाहेरून मांजरे आणली गेली, त्या आठवणीशी लोक त्यांचे नाते जोडतात. पुढे फोंतान्का नदीवरच्या अनिच्कोव्ह पुलावर पुन्हा क्लोट भेटतो. चार कोपऱ्यांवर घोड्यांना काबूत आणणाऱ्या माणसांचे चार पुतळे आहेत आणि त्यांतील दोनच घोड्यांना नाल आहेत. कोणत्या दोन, हे खुरांकडे पाहून स्वतः शोधावे. त्याच वेढ्याच्या काळात हे घोडे शेजारच्या राजवाड्याच्या बागेत पुरून ठेवले होते. एका चौथऱ्याच्या ग्रॅनाइटवर तोफगोळ्याचे व्रण मुद्दाम बुजवलेले नाहीत. शहरावर पडलेल्या १,४८,४७८ गोळ्यांपैकी एकाच्या या खुणा असल्याचे तेथील पाटी सांगते. पुलावर नेहमी गर्दी असते, तरी ही पाटी चुकवू नये.

पूल न ओलांडता डावीकडे वळून नदीकाठाने सर्कस आणि मिखाइलोव्स्की किल्ल्यावरून पुढे गेले की, जेथे मोइका नदी फोंतान्कातून फुटते तेथे, काठाच्या दगडी भिंतीवर पाण्याच्या बाजूला चीझिक-पीझिक हा काशाचा पक्षी आहे. उंची अवघी ११ सेंटिमीटर, म्हणजे फार तर हापूस आंब्याएवढा. १९९४ मध्ये जॉर्जियाचे कलावंत रेझो गाब्रिआद्झे यांनी घडवलेला हा पक्षी अनेकदा चोरीला गेला आहे. नाणे त्याच्या पायाशी टिकले तर इच्छा पुरी होते असे मानतात. बहुतेक नाणी पाण्यात जातात. कठड्यावरून फार वाकू नये आणि मुलांचा हात धरून ठेवावा.

नदीपलीकडच्या पीटर-पॉल किल्ल्यासाठी दुपार ठेवावी. तेथे शिल्पकार शेम्याकिन यांनी १९९१ मध्ये बसवलेला पीटर खुर्चीत ताठ बसला आहे. अंग अवाढव्य, बोटे लांबच लांब आणि टकलू डोके अगदी लहान. डोके पीटरच्या हयातीत घेतलेल्या मुखवट्यावरून केलेले आहे, तेव्हा हास्यास्पद वाटणारा हा चेहराच सिनेट चौकातल्या वीरापेक्षा खऱ्या माणसाच्या जवळचा आहे. लोकांच्या हातांनी घासून त्याची बोटे आणि गुडघे पिवळेधमक झाले आहेत. मला विचाराल तर शहरातला सर्वांत धीट पुतळा हाच. रात्रीचा मुक्काम नदीच्या अलीकडे असेल तर वेळेवर परतावे, कारण उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर जहाजांसाठी नेव्हावरचे पूल उघडले जातात आणि मग पहाटेपर्यंत पलीकडेच अडकून पडण्याची वेळ येते.

परतीच्या दिवशी तासभर मोकळा असल्यास ठाणेकरांनी व्हितेब्स्क रेल्वे स्थानकात डोकवावे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, त्याआधी १८३७ मध्ये रशियाची पहिली रेल्वे याच जागेवरून झारस्कोए सेलो येथे गेली होती आणि त्या गाडीची प्रतिकृती तेथे काचेच्या दालनात उभी आहे. स्थानकालगतच्या पुश्किन्स्काया मेट्रोने एक स्थानक पुढे तेख्नोलोगिचेस्की इन्स्तितूत येथे गाडी बदलावी, मोस्कोव्स्कायाला उतरावे आणि तेथून ३९ क्रमांकाच्या बसने विमानतळ गाठावा.