रोमनेस्क चर्च कसे पाहावे

बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती या जैन मंदिरात मान वर करून छतातील कमळ न्याहाळणाऱ्यांना फ्रान्समधील रोमनेस्क, म्हणजे गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतील, चर्च परके वाटू नये. मात्र तेथे शिल्पांकडे वळण्याआधी भार पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १२०४ मधील कमलबस्तीत काय किंवा हलशी-देगावच्या देवळांत काय, छताचे वजन तुळयांवरून खांबांत आणि खांबांतून सरळ जमिनीत उतरते. अकराव्या-बाराव्या शतकांतील या चर्चमध्ये अर्धगोल दगडी छत भिंतींना सतत बाहेर रेटत असते. म्हणूनच भिंती जाड ठेवाव्या लागल्या, खिडक्या लहान झाल्या आणि बाहेरून दगडी टेकू द्यावे लागले. हे ध्यानात आले, की आतला अंधार उणेपणा वाटत नाही.

सुरुवात बाहेरून प्रदक्षिणा घालून करावी. वेदी बहुधा पूर्वेस असते आणि तिच्या मागील अर्धवर्तुळाकार भिंतीला लहान उपासनागृहे बिलगलेली दिसतात. तुलूझच्या सँ सेर्नँसारख्या यात्रामार्गावरील चर्चमध्ये, विधी चालू असतानाही यात्रेकरूंना संतांच्या अवशेषांचे दर्शन घेत फिरता यावे, म्हणून ही सोय होती.

पश्चिमेचे दार दुपार कलल्यावर पाहावे. काँक येथील सँत फ्वा चर्चच्या दारावर अंतिम न्यायाचा, म्हणजे जगाच्या शेवटी देव करणार असलेल्या निवाड्याचा, शिल्पपट असून त्यात शंभराहून अधिक आकृती आहेत. जवळ गेल्यास दगडावर जुन्या रंगाच्या खुणाही आढळतात. आज उघडीवाघडी दिसणारी ही शिल्पे एके काळी रंगवलेली होती, हे विसरून त्यांचे मोल करू नये.

आत गेल्यावर लगेच छायाचित्रे काढू नयेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसावे. व्हेझलेच्या चर्चमध्ये उन्हाळी अयनदिनाच्या, म्हणजे २१ जूनच्या, सुमारास, मध्यान्हीच्या वेळी, दक्षिणेच्या खिडक्यांतून आलेले कवडसे मधल्या दालनाच्या मध्यरेषेवर ओळीने पडतात. तारीख निवडता येत असेल, तर हीच निवडावी.

स्तंभशीर्षांसाठी लहान दुर्बीण अवश्य न्यावी. व्हेझलेच्या एका स्तंभशीर्षावर मोशे जात्यात धान्य ओततो आणि संत पॉल खाली पीठ गोळा करतो. बायबलच्या जुन्या करारातून नवा करार निघतो, हा अर्थ शिल्पकाराने दळणातून सांगितला आहे. ओताँ येथील स्तंभशीर्ष मला याहूनही सरस वाटते. त्यात बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे मुकुटासह एकाच पांघरुणाखाली झोपले आहेत, देवदूत एका बोटाने त्यांतील एकाच्या हाताला स्पर्श करतो आणि तेवढ्याच राजाचे डोळे उघडलेले आहेत. ओताँची अशी काही मूळ स्तंभशीर्षे खांबांवरून काढून चर्चच्या जुन्या सभागृहात डोळ्यांच्या पातळीवर मांडलेली आहेत, त्यामुळे तेथे दुर्बिणीचीही गरज पडत नाही. मुख्य दालन पाहून झाल्यावर या सभागृहाची चौकशी करून तेथे जरूर जावे.