व्हिएतनाम-कंबोडिया बसने: ई-व्हिसातला चुकलेला नाका

अडलं एका रकान्यात. व्हिएतनामच्या ई-व्हिसा अर्जात शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा नाका निवडावा लागतो. सवयीने दोन्हीकडे हनोई विमानतळ टाकला. बेत मात्र हो ची मिन्ह सिटीहून बसने कंबोडियाची राजधानी नोम पेन्हला जायचा. मग नवा अर्ज, पुन्हा २५ डॉलर. आधीचे बुडाले.

दुसऱ्यांदा मार्ग आधी कागदावर मांडला, मगच अर्ज. बाहेर पडायला मोक बाई हा रस्त्यावरचा सीमानाका. पलीकडे कंबोडियाचं बावेत. आपल्याकडे नावाला वडिलांचं नाव चिकटतं, म्हणून पासपोर्टच्या तळच्या ‘<<’ खुणांच्या ओळी बघूनच नाव भरलं. बावेतच्या नाक्यावर मिळणाऱ्या ३० डॉलरच्या कंबोडियाच्या व्हिसासाठी कोऱ्या नोटा वहीत सपाट ठेवल्या. कंबोडियात कोपरा फाटलेला डॉलर दुकानदारसुद्धा परत करतो.