घरच्या घरी केस आणि मेकअप: या चुका टाळा

घरी स्वतःच्या हाताने तयार झालं की पैसे वाचतात, हे खरं आहे. पण ते नेमके कुठे वाचतात हे बहुतेकींच्या लक्षात आलेलं नसतं. स्वस्तातलं स्वस्त फाउंडेशन, ढीगभर रंगांची आयशॅडोची पेटी आणि कुणाचा तरी जुना स्ट्रेटनर गोळा होतो आणि कार्यक्रमाला अर्धा तास उरलेला असताना आरशासमोर बसणं होतं. पार्लरमध्ये आपण पैसे मोजतो त्यातला मोठा भाग वेळेचा असतो. केस वाळेपर्यंत तिथली मुलगी थांबते, क्रीम जिरेपर्यंत थांबते. घरी करायचं तर तो वेळ आपणच द्यायला हवा. ओळखीपाळखीतल्या पुष्कळ मुलींना मी तयार करते, ऐन वेळी बिघडलेलं सावरायलाही मलाच हाक येते आणि प्रत्येक वेळी बिघाड तेच ते असतात.

ओल्या केसांवर स्ट्रेटनर

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे. मेकअप बिघडला तर तोंड धुता येतं, जळलेल्या केसांना मात्र काही उपाय नाही.

टॉवेलने टिपलेला केस वरून कोरडा लागला तरी आत पाणी असतं. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि स्ट्रेटनरच्या पट्ट्या १५० पासून २३० अंशांपर्यंत तापतात. आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि ती केसाच्या आतच पोकळ्या करते. सूक्ष्मदर्शकाखाली हे फुगे स्पष्ट दिसतात, त्वचारोगतज्ज्ञ त्याला बबल हेअर म्हणतात. पुढे कंगवा फिरवला की केस नेमका त्या पोकळीपाशी तुटतो.

माझ्या मैत्रिणीच्या मुलीचा कॉलेजमधला निरोप समारंभ होता. संध्याकाळी निघायचं, आणि हिने दुपारी उशिरा डोक्यावरून अंघोळ केली. थोडा वेळ पंख्याखाली बसली आणि स्ट्रेटनर शेवटच्या आकड्यावर नेऊन सुरुवात केली. पहिल्याच बटेला चर्र आवाज आला, वाफ निघाली. वाफ येते म्हणजे काम होतंय, अशी तिची समजूत झाली. कपाळावरच्या बटा काही केल्या सरळ होईनात, म्हणून त्यांच्यावरून पुन्हा पुन्हा पट्ट्या फिरवल्या. मी पोचले तेव्हा कंगव्यात बोटाच्या पेराएवढे तुकडे अडकले होते. गळलेल्या केसाला मुळाकडे बारीक पांढरी गाठ असते, यातल्या एकालाही ती नव्हती. सगळे मधूनच तुटलेले. एक बट खिडकीपाशी उजेडात धरून पाहिली तर केसांवर ठिकठिकाणी पांढुरके ठिपके, हाताला खरखरीत, आणि हलकेच ताण दिला की त्या ठिपक्यापाशीच तुटत होते.

तिची आई विचारत होती, "अगं, तेल चोळू का? सीरम लावू का?" दोन्हींनी वरून चकाकी येते, पण आतून तुटलेला केस जुळत नाही. त्वचेवरची जखम भरते कारण त्वचा जिवंत असते. केसाचा दिसणारा भाग जिवंत नसतो. तो कापायचा आणि नवा वाढेपर्यंत थांबायचं, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्या संध्याकाळी मी आधी स्ट्रेटनरची वायर काढली, ड्रायरच्या गार हवेवर केस पूर्ण वाळवले, बाजूने भांग पाडला, तुटक्या बटा जेलने मागे बसवल्या आणि मानेशी सैलसर अंबाडा घातला. मुलगी सुरेख दिसली. पण त्यानंतर कितीतरी महिने तिच्या कपाळावर आखूड केसांची ती झालर उभी राहायची आणि ती रोज क्लिपा लावून बसवायची.

माझी सवय अशी आहे. केस आदल्या दिवशी धुवायचे. त्याच सकाळी धुवावे लागले तर त्या दिवशी स्ट्रेटनर कपाटातून काढायचाच नाही. बट वाळली की नाही हे हाताला नीट कळत नाही, म्हणून ती मी गालाला लावून बघते. गार लागली तर आत ओल आहे. हीट प्रोटेक्टंटचा, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवणारा, स्प्रे मारला तर तोही वाळू द्यायचा. बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १५० अंशांच्या आसपास पुरतं, जाड केसांनाही मी १८० च्या पुढे जात नाही. बट पातळ घ्यायची आणि एकदाच, सावकाश फिरवायची. जाड बट घेऊन दहा वेळा फिरवण्यात वेळ तेवढाच जातो, नुकसान दहापट होतं. आणि तापमानाचा आकडा न दाखवणारा स्ट्रेटनर फुकट मिळाला तरी घेऊ नका. आयशॅडोच्या पेटीचे पैसे वाचवा आणि इथे घाला.

नुसत्या लहरी हव्या असतील तर उष्णतेची गरजच नाही. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाचा आकार धरून ठेवणारे नाजूक जोड, सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून झोपताना जेमतेम दमट केसांच्या दोन सैल वेण्या घाला, सकाळी पूर्ण वाळल्याची खात्री झाल्यावरच सोडा. अर्ध्या ओल्या असताना उत्सुकतेपोटी सोडून बघितल्या की लहर गेलीच.

कपाळावरचे केस स्वतः कापणं

ओला केस ताणला जातो, वाळला की आखडतो. कुरळा असेल तर फारच. ओले असताना भुवईपर्यंत कापलेली झालर वाळल्यावर कपाळाच्या मध्यावर जाते आणि मग रडारड होते. केस कोरडे असू द्या, हवी त्यापेक्षा दोन बोटं लांब ठेवा, आणि कात्री आडवी न धरता उभी धरून टोकं थोडी थोडी टिपा. कागद कापायची कात्री नको. तिची धार केसाला बोथट पडते आणि टोकं फाटतात. कार्यक्रमाच्या आठवड्यात तर कात्रीला हातच लावू नका.

चुकीची शेड, चुकीचा उजेड, आणि घाई

फाउंडेशनची शेड हाताच्या पाठीवर लावून निवडण्याची पद्धत कुणी सुरू केली कोण जाणे. हाताचा रंग चेहऱ्याशी क्वचितच जुळतो. जबड्याच्या कडेला, मानेकडे उतरत जाणारी एक रेघ ओढा आणि खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण बरीच फाउंडेशन्स त्वचेवर बसता बसता एक पायरी गडद होतात. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची शेड. दोन शेडच्या मध्ये अडकलात तर स्वस्तातल्या दोन छोट्या बाटल्या घेऊन मिसळा, ते एका महागड्या चुकीच्या बाटलीपेक्षा बरं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. उजळ दिसावं म्हणून आपल्या रंगापेक्षा दोन शेड वरचं फाउंडेशन घेऊ नका. सावळ्या त्वचेवर ते राखाडी दिसतं, चेहरा आणि मान वेगवेगळ्या माणसांची वाटते, आणि तुमच्या त्वचेचं मूळचं तेज झाकलं जातं. मी ज्यांना तयार करते त्यांच्या बाटल्या बघते तेव्हा निम्म्याहून जास्त बाटल्या अशा निघतात, आणि दर वेळी वाईट वाटतं.

उजेडाचंही तेच. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली चेहरा फिका वाटतो म्हणून गालावर रंग चढत जातो आणि बाहेर आल्यावर तो भडक दिसतो. खिडकीकडे तोंड करून बसा. रात्री करायचं असेल तर पांढरा दिवा समोर हवा. डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि त्या लपवायला कन्सीलरचे, म्हणजे डाग झाकणाऱ्या क्रीमचे, थर चढतात.

आता घाईकडे येते. मॉइश्चरायझर, त्यावर लगेच सनस्क्रीन, त्यावर प्राइमर (फाउंडेशन नीट बसावं म्हणून त्याच्याखाली लावतात ते क्रीम), त्यावर फाउंडेशन, सगळं पाच मिनिटांत. मग खोडरबराने खोडल्यावर कागदावर राहतात तसे गोळे चेहऱ्यावर सुटायला लागतात. प्रत्येक थराला जिरायला वेळ हवा. मी मधे कपड्यांना इस्त्री करते, दागिने काढून ठेवते, म्हणजे थांबणं जड जात नाही. थांबूनही गोळे येत असतील तर बाटलीमागची यादी वाचा. सुरुवातीच्या नावांमध्ये डायमेथिकोन किंवा शेवटी 'सिलोक्सेन' असलेलं नाव असेल तर ते सिलिकोनचं आहे. सिलिकोनच्या प्राइमरवर पाण्याचं फाउंडेशन अनेकदा धरत नाही. दोन्ही एकाच जातीचं वापरा. आणि फाउंडेशन चोळू नका, ओल्या करून घट्ट पिळलेल्या स्पंजने थापटत बसवा. कोरडा स्पंज निम्मं फाउंडेशन स्वतःच पितो.

गोळे आलेच तर वर आणखी फाउंडेशन घालू नका. सगळ्या जणी नेमकं तेच करतात. कापसाच्या काडीवर थेंबभर मॉइश्चरायझर घेऊन तेवढाच भाग पुसा, थांबा, आणि तिथे पातळसा थर पुन्हा द्या.

निघण्याआधी फ्लॅश चालू करून एक फोटो काढा. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि सिलिकाची बारीक पावडर फ्लॅशचा प्रकाश परत फेकतात, आणि आरशात उत्तम दिसणारा चेहरा फोटोत पांढरा फटक येतो. विशेषतः डोळ्यांखाली. जादा पावडर मऊ ब्रशने झटकली की बहुतेक वेळा काम भागतं.

केसांचा रंग

डब्यावर पॅच टेस्ट (थोडा रंग त्वचेवर लावून ॲलर्जी होते का ते बघणं) ४८ तास आधी करा असं लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. गडद रंगांमध्ये पॅरा-फेनिलीनडायअमीन हे रसायन बहुधा असतं आणि त्याची ॲलर्जी जोरदार होऊ शकते: टाळू पेटते, डोळे सुजून मिटतात. वर्षानुवर्षं तोच रंग लावणाऱ्यांनाही ती एखाद्या दिवशी अचानक होते, तेव्हा "मला काही होत नाही" हे उत्तर मी ऐकून घेत नाही. कानामागे थोडा रंग लावा, दोन दिवस बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर तो डबा बाजूला. केसांचा रंग भुवयांना आणि पापण्यांना कधीच लावायचा नाही, त्याने डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते.

दुसरं म्हणजे रंगाने रंग उतरत नाही. आधी काळा लावलेल्या केसांवर फिका तपकिरी लावला तर नव्याने उगवलेली मुळं तेवढी उजळतात आणि लांबी काळीच राहते. जुना रंग उतरवण्यासाठी केसांना ब्लीच घरी करू नका. पैसे खर्च करायचेच असतील तर पार्लरमध्ये याच कामासाठी करा.

बाकीच्या, थोडक्यात

मस्काऱ्याची कांडी नळीत वर-खाली उपसू नका. आत हवा जाते आणि तो लवकर सुकतो. सुकलेल्यात पाणी घालू नका, तीन महिन्यांनी टाकून द्या, आणि सख्ख्या बहिणीलाही वापरायला देऊ नका.

डब्यांवर उघड्या झाकणाच्या डबीचं बारीक चित्र आणि '१२ एम' असं काही छापलेलं असतं. उघडल्यापासून ती वस्तू बारा महिने चालते, असा त्याचा अर्थ. उघडल्याची तारीख तळाशी लिहून ठेवा.

धुतलेले ब्रश कपात उभे वाळवले की पाणी धातूच्या कड्यात उतरतं, गोंद सुटतो आणि केस चेहऱ्यावर गळतात. आडवे ठेवा.

हेअरपिनची नागमोडी बाजू डोक्याकडे. पिना घसरतात अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणी ती उलटी लावतात.

खोट्या पापण्यांचा गोंद लावल्या लावल्या चिकटवू नका. अर्धा मिनिट थांबा, चिकट होऊ द्या.

लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यावर नको. त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास, लिंबाचा २ च्या जवळ आणि सोड्याचा ८ च्या वर असतो, त्यामुळे दोन्हींनी त्वचेचं संरक्षण बिघडतं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे डागही पडू शकतात.

लिपस्टिक गालावर चालते, मीही लावते. असल्या काटकसरीच्या युक्तीला माझा विरोध नाही. मात्र डोळ्यांवर ती नको. ओठांसाठी चालणारा प्रत्येक रंग डोळ्यांजवळ सुरक्षित नसतो.

भुवया उपटताना भिंगाच्या आरशाला चिकटून बसू नका. दोन-तीन केस काढा, हातभर मागे सरका, बघा.

आल्यावर

रात्री दमून आल्यावर लोक मस्कारा घासून काढतात आणि पापण्यांचे केस हातात येतात. वॉटरप्रूफ मस्कारा पाण्याने निघत नाही, त्याला तेलयुक्त रिमूव्हर लागतं. कापूस भिजवून मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता धरून ठेवा, मग हलकेच खाली ओढा. पिना एकेक करून काढा. हेअरस्प्रेने कडक झालेल्या केसांत मुळापासून कंगवा घालू नका. टोकांवर थोडं कंडिशनर लावा, बोटांनी गुंता सोडवा, आणि मोठ्या दातांचा कंगवा टोकांकडून सुरू करून हळूहळू वर न्या.