पाण्याच्या कामात येताय? आधी बोअर मोजा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून बीड जिल्ह्यात एका संस्थेत लागले, तेव्हा दुष्काळ म्हणजे कमी पाऊस, एवढीच माझी समज होती. वर्षभरात डोंगरमाथ्यावर सलग समतल चर (पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे खणलेले चर), खाली नाला खोलीकरण आणि दोन सिमेंट बंधारे झाले. पहिल्याच पावसात बंधारे तुडुंब. फोटो काढले, अहवाल गेला, देणगीदार खूश.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच गावात टँकर सुरू झाला. विहिरींना पाणी दिसल्याबरोबर ऊस लागला होता, नवे बोअर पडले होते. "ताई, पाणी दिसतंय तर लावू नको का?" एका शेतकऱ्याने विचारलं. कर्ज त्याच्या डोक्यावर, आणि हमखास उचलला जाणारा माल म्हणजे ऊस. मी गप्प बसले.

नव्यांनी हे गणित आधी शिकावं. एका हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1,000 घनमीटर, अर्थात 10 लाख लिटर पाणी. उसाला हंगामभरात 1,500 ते 2,500 मिलिमीटर लागतं, आणि आमच्या पट्ट्यात पाऊस त्याच्या निम्माही नाही. बंधारा कितीही मोठा बांधा, हा मेळ बसत नाही.

पाण्याच्या कामासाठी गाजलेलं हिवरे बाजार गाव बघायला सगळेच जातात, मीही गेले, आणि बंधाऱ्यांचे फोटो घेऊन आले. खरं बघण्यासारखं तिथल्या ग्रामसभेत होतं: दरवर्षी पाण्याचा ताळेबंद (पाणी किती आलं, किती वापरायचं याचा हिशेब), शेतीसाठी बोअरला बंदी, ऊस-केळीला बंदी. पोपटराव पवार सरपंच असताना हे गावाने स्वतः ठरवलं. नाहीतर शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करणारा भूजल कायदा राज्यात आहेच, पण बोअरची गाडी रात्री येते. पाणी फाउंडेशननेही 2016 मध्ये तीन तालुक्यांत वॉटर कप ही गावांची स्पर्धा सुरू केली ती श्रमदानाची. 2022 पासून त्यांच्याच फार्मर कप स्पर्धेत भर शेतकऱ्यांच्या गटांवर आणि पिकांवर आला.

म्हणून गावात गेलात की पहिले तीन महिने प्रस्ताव लिहू नका. विहिरी-बोअरची यादी करा, पावसाळा संपल्यावर पातळी मोजा. ज्यांना जमीनच नाही, त्या बायकांना हंडा कुठून भरता ते विचारा. निधी एका वर्षाचा असेल तर तेव्हाच भांडा, नंतर कुणी ऐकत नाही.

पुढच्या गावात बोअरबंदीचा ठराव व्हायला चौदा महिने गेले. बंधारा एकही नव्हता. अहवालातल्या 'प्रगती'च्या रकान्यात मी लिहिलं, 'ग्रामसभा 5'. ऑफिसमधून लगेच फोन आला, "आणि काम काय झालं?"