अमिगा ५००: ६८०१० बसवल्यावर गुरू ०००००००८
अमिगा ५०० या जुन्या होम कॉम्प्युटरमध्ये मूळच्या ६८००० प्रोसेसरच्या जागी ६८०१० बसवला. वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप) नीट उघडतं, पण काही जुने प्रोग्रॅम सुरू करताच लाल चौकटीत ‘गुरू मेडिटेशन ०००००००८’ हा अमिगाचा क्रॅशसंदेश. चिप पुन्हा दाबून बसवली, सॉकेट साफ केलं, रॅमकार्ड काढलं; फरक शून्य, डोकं पिकलं.

दोष हार्डवेअरमध्ये नाहीच. स्टेटस रजिस्टर (प्रोसेसरची सद्यस्थिती नोंदवणारी जागा) वाचणारी ‘मूव्ह’ सूचना ६८०००वर कुठल्याही मोडमध्ये चालते, ६८०१०वर फक्त सुपरवायझर मोडमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसाठी राखलेल्या मोडमध्ये. ते जुने प्रोग्रॅम ती साध्या मोडमध्ये वापरतात, म्हणून क्रॅश.

वर्कबेंच फ्लॉपीची प्रत काढा. प्रतीच्या ‘सी’ डिरेक्टरीत डेसिजेल हा नेमकी ही अडचण सोडवणारा छोटा प्रोग्रॅम टाका. ‘एस’मधल्या स्टार्टअप-सीक्वेन्समध्ये (बूट होताना चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये) अगदी वर ‘सी:डेसिजेल’ ही ओळ लिहा, मग रीसेट. स्वतःच्या फ्लॉपीवरून बूट होणाऱ्या गेमना याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी ६८००० जपून ठेवा. निव्वळ वेगासाठी ६८०१० घेऊच नका, वाढ अगदी किरकोळ आहे.